सोनार, डॉक्टर की पार्लरची गन? लेकीचे कान कुठं टोचायचे

पत्र (थोडं कापून देतेय):

"मावशी, मी जुळे सोलापूरला राहते. मुलगी अडीच महिन्यांची झाली, १० आठवड्यांची लस मागच्या आठवड्यात दिली. बाराव्या दिवशी कान टोचायचे राहून गेले कारण कावीळ झाली म्हणून बाळ पेटीत होतं. तेव्हापासून सासूबाई मागं लागल्यात, सराफ कट्ट्यावर त्यांचा ठरलेला सोनार आहे, माझ्या नवऱ्याचे आणि नणंदेचे कान त्यानंच टोचलेत. नणंद पुण्याला असते, ती म्हणते सोनार-बिनार नको, गननं एका सेकंदात होतं, बाळ रडत पण नाही. नवरा म्हणतो डॉक्टरकडं जाऊ. मला फक्त एवढंच वाटतं की तिला इन्फेक्शन व्हायला नको. अजून एक, मोठा मुलगा ६ वर्षांचा आहे, त्याच्या मामाचं लग्न दीड महिन्यावर आलंय, त्याला भिकबाळी घालायची सगळ्यांची हौस आहे, त्याचं पण त्याच दिवशी उरकून घेऊ का? घरात रोज यावरून बोलणं होतंय. — एक आई"

अगं, बाराव्या दिवशी राहून गेलं ते बरंच झालं म्हणायचं. घरात कुणाला रुखरुख लागली असेल तर लागू दे, पण पेटीतनं नुकतंच बाहेर आलेलं बाळ, धनुर्वाताची एकही लस झालेली नाही, आणि लगेच त्याच्या कानाला भोक, याची तेव्हा पण काही घाई नव्हती आणि आज पण नाही. मी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते, आता रिटायर आहे, त्यामुळं मी बोलणार ते जरा वॉर्डातल्या नजरेनंच बोलणार, पण हौसमौज मला पण कळते गं, माझ्या नातीच्या कानात पण बाळ्या आहेत.

सोनार की डॉक्टर की गन, यावरनं तुमच्या घरात तीन पार्ट्या पडल्यात. मला विचारशील तर पाटी कुठली लागलीय ते नंतर बघ, आधी बघायचं ते एवढंच की कानात घुसणारी वस्तू कुठल्या पाकिटातनं निघाली आणि ती धरणारा हात धुतलाय का. बाकी सगळं त्याच्यानंतर.

पहिल्यांदा वेळेचं सांगते. १४ आठवड्यांची लस होऊ दे. ६, १० आणि १४ आठवड्याला जी पेंटाव्हॅलंट देतात ना, तिच्यात धनुर्वात पण येतो आणि हिपॅटायटिस बी पण येतो, आणि कान टोचताना सुई घाण असेल तर नेमकी हीच भीती असते. तुला गरोदरपणात टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची इंजेक्शनं दिली असतील, त्यातनं बाळाला थोडं संरक्षण जन्मतःच मिळालेलं असतं, त्यामुळं घाबरून जायचं काही नाही, पण तीन डोस पूर्ण झालेलं बाळ आणि दोन डोसांवरचं बाळ यात फरक आहेच की. आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, जे कोणी सांगत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, म्हणजे ३८ सेल्सिअस, आपल्या थर्मामीटरवर १००.४, तर आम्ही त्याला साधा ताप म्हणत नाही, सरळ दवाखान्यात आणा म्हणतो, रक्त तपासतात, कधी कधी ॲडमिट करतात. आता अशा वयात कान टोचला आणि दुसऱ्या दिवशी योगायोगानं ताप आला तर डॉक्टरला पण कळेना की कानाचा आहे की आणखी कशाचा, बाळाला टोचाटोची वाढणार ती वेगळीच. चार-सहा महिन्यांवर गेलीस तर हे सगळं टळतं आणि कानाची पाळी पण जरा भरते, खूण नीट करता येते.

सासूबाईंना हे पटलं नाही तर त्यांना सुश्रुताचं सांग. सुश्रुत संहितेत कर्णवेधावर आख्खा अध्याय आहे आणि त्यात सहावा किंवा सातवा महिनाच सांगितलाय, बारावा दिवस नाही. मांडीवर बसवून, खेळवत, वैद्यानं कान ओढून धरायचा आणि जिथनं सूर्याचा उजेड आरपार दिसतो तिथं सरळ सुई घालायची असं लिहिलंय. आणि खूप रक्त आलं, खूप दुखलं तर समजायचं की जागा चुकली, हे पण लिहिलंय. म्हातारी माणसं आपलं ऐकत नाहीत पण जुन्या ग्रंथाचं ऐकतात, हा माझा अनुभव. (अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर म्हणते की नीट केलं तर कुठल्याही वयात चालतं, पण मुलीला स्वतः कानाची काळजी घेता येईपर्यंत थांबलेलं बरं. हे मात्र सासूबाईंना सांगू नकोस, उगाच भांडण लागेल.)

आता सोनार. "सोनारानेच कान टोचावेत" हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत, आणि तुला पण रोज कोणीतरी ऐकवत असणार. पण खरं सांगू का, म्हण उगाच पडलेली नाही. जुन्या सोनाराचा हात इतका बसलेला असतो की बाळाला कळायच्या आत तार आरपार जाते, दोन्ही कान सरळ एका रेषेत येतात, आणि तीच तार वळवून बाळी होते, म्हणजे परत काही काढा-घाला नाही. हातात कौशल्य आहे, यात काही वाद नाही. अडचण हाताची नाही, तारेची आहे. ती तार कुठं होती? आधी काउंटरवर होती, मग तराजूत, मग चिमट्यात, मग कारागिराच्या बोटात, तिथनं कानात. कोणी ती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसतो, कोणी ज्योतीवर धरतो. पुसणं म्हणजे स्टराईल नव्हे गं. आमच्याकडं ऑटोक्लेव्हला १२१ डिग्रीवर, वाफेच्या दाबाखाली, किमान पंधरा-वीस मिनिटं ठेवल्याशिवाय आम्ही एखाद्या वस्तूला हात लावत नव्हतो, आणि इथं एक बोळा फिरवला की झालं! ज्योतीवर धरलेल्या सुईला काजळी येते, ती कानात जाते, वर परत सगळीकडं सारखी तापली का नाही ते कोणी बघत नाही. आणि गर्दीच्या वेळी, म्हणजे अक्षय तृतीया, धनत्रयोदशी, लग्नसराई, या दिवसांत सराफ कट्ट्यावर काय रेटारेटी असते ते तुला माहिती आहे, तेव्हा तर जाऊच नको. ज्या हातानं नोटा मोजल्या त्याच हातानं बाळाचा कान धरणार तो, बिचाऱ्याला वेळ कुठंय हात धुवायला.

मग नणंदेची गन. यात मात्र मी ठाम आहे. ती जुनी बंदुकीसारखी गन, जी पार्लरमध्ये, बांगड्यांच्या दुकानात, कधी मॉलच्या स्टॉलवर असते, ती नको. तिच्यात स्प्रिंग असते, स्प्रिंग सुटली की कानातलंच, म्हणजे टॉप्सची काडीच, कानात ठोसली जाते. ती काडी सुईसारखी धारदार नसते, त्यामुळं ती कापत नाही, दाबून फाडत जाते. आणि मेन गोष्ट म्हणजे गनची बॉडी प्लास्टिकची, ती ऑटोक्लेव्हला घातली तर वितळेल, म्हणून ती फक्त पुसतात, आणि सकाळपासून किती जणांच्या कानाला लागलीय हे पुसणाऱ्याला पण माहिती नसतं. कधी कधी अर्ध्यात अडकते, काडी निम्मी आत निम्मी बाहेर, बाळ किंचाळायलंय आणि ती पार्लरवाली पोरगी घाबरून ओढायलीय. वॉर्डात अशा केसेस यायच्या. आणखी एक, गनचं कानातलं मागनं एकदम घट्ट बसतं, आणि टोचल्यावर पाळी सुजणारच, मग मागची फिरकी कातडीत रुतते. लहान बाळाला सांगता येत नाही, आठवड्यानं आई बघते तर फिरकी गायब, कातडीच्या आत. ती काढायला मग भूल देऊन छोटं ऑपरेशन.

आता नणंदेवर पण अन्याय नको, गनचा दुसरा एक प्रकार आलाय, त्यात स्प्रिंग नसते, हातानं दाबतात, आणि कानाला जे जे लागतं ते सगळं एका बंद स्टराईल कॅसेटमध्ये असतं, एका बाळाला वापरलं की कॅसेट फेकून द्यायची. काही डॉक्टर पण हेच वापरतात. ते चालेल. फक्त पाकीट तुझ्यासमोर फोडलं पाहिजे आणि त्याच्यावरची एक्सपायरी तू स्वतः वाचली पाहिजेस. "आताच उघडून ठेवलंय मॅडम, नवीनच आहे" हे चालणार नाही.

बाळ रडत नाही हे मात्र खोटं. रडतंच. दोन मिनिटं रडतं आणि छातीशी घेतलं की गप होतं.

डॉक्टरकडं जायचं तर कुठल्या? बाळाच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना आधी विचार, खूप जण क्लिनिकमध्येच करतात, नसतील करत तर ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं नाव देतील. स्किनवाले पण करतात. त्यांच्याकडं पोकळ सुई असते, सलाईन लावताना वापरतात तसली, ती पाकिटातनं काढायची, एकदा वापरायची, लगेच सुई टाकायच्या डब्यात. पण डॉक्टरची पाटी बघून तू डोळे मिटून बसू नकोस हं. डॉक्टर नाहीत म्हणून कंपाउंडरच टोचून देतो असं पण चालतं, आणि सगळ्या डॉक्टरांचा यात हात बसलेला असतो असं पण नाही. फोन करूनच विचारून घे, कोण टोचतं, सुईनं की गननं, आधी खूण करून दाखवता का, आम्ही आमचं सोन्याचं आणलं तर ते ऑटोक्लेव्ह करून घालता का, आणि नंतर सूज आली तर दाखवायला येऊ का. पाच मिनिटांचं बोलणं आहे. समोरचा जर वैतागला, "अहो एवढं काय, कानच टोचायचाय" म्हणाला, तर तिथं जाऊ नको, मग तो कितीही मोठा असू दे. हेच प्रश्न सोनाराला पण विचार, हेच पार्लरला पण विचार.

आणि माझं विचारशील तर तुमच्या घरातल्या तिन्ही पार्ट्या खूश होतील असा एक रस्ता आहे, आमच्या घरात आम्ही हेच केलं. सोनं सोनाराकडनं, सुई डॉक्टरकडनं. सासूबाईंना घेऊन सराफ कट्ट्यावर जा, त्यांच्या ठरलेल्या सोनाराकडनंच बाळाच्या मापाची बाळी करून घ्या, त्यांचा मान राहतो, सोनाराचा पण राहतो. ती बाळी दोन दिवस आधी क्लिनिकला नेऊन दे, सोनं ऑटोक्लेव्हला काही होत नाही, ते पॅक करून ठेवतील, आणि त्या दिवशी सुईनं टोचून तीच बाळी घालतील. मामाच्या मांडीवर बसवायचं असेल तर बसवा की, मामा क्लिनिकमध्ये पण येऊ शकतो, गूळ-खोबरं घरी येऊन वाटा.

सोन्याबद्दल जरा थांबून सांगते कारण इथं आपल्या बायका फसतात. बाळाच्या कानात पहिल्यांदा जे घालशील ते सहा-आठ आठवडे काढायचं नाही, म्हणजे उघड्या जखमेला ते सतत लागून राहणार. त्यात निकेल असलं की खाज, पाणी, चिघळणं, आणि एकदा निकेलची ॲलर्जी लागली की ती जन्मभर राहते. मोठी झाल्यावर पँटच्या बटणानं पण पोट खाजतं अशा बायका बघ, त्यातल्या कितीतरी जणींची सुरुवात असल्या स्वस्त कानातल्यातनं झालेली असते. म्हणून बेन्टेक्स, इमिटेशन, गोल्ड प्लेटेड काही नाही, व्हाइट गोल्ड पण नको, त्यात निकेल असू शकतं. २२ कॅरेट, म्हणजे ९१६. आता गंमत बघ, २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्तीच नाही, आणि बाळाच्या बाळ्या दोन ग्रॅमच्या आतच बसतात बहुतेक वेळा. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त खात्री पाहिजे नेमकं तिथंच शिक्का नसणार. तर पक्कं बिल घे, बिलावर कॅरेट लिहून घे, दुकानात कॅरेट तपासायची मशीन असेल तर समोर लावायला सांग. ओळखीचा सोनार आहे तर तो नाही म्हणणार नाही, आणि ठरलेल्या सोनाराचा खरा फायदा इथंच आहे. सोनं परवडत नसेल तर वैद्यकीय दर्जाचं टायटॅनियम पण एकदम चांगलं, फक्त आपल्याकडं बघणारा म्हणतो "हे काय घातलंय", त्याकडं लक्ष द्यायचं नाही.

आकार म्हणशील तर सोनाराला सांग की तार अगदी दोऱ्यासारखी बारीक नको, बारीक तार कोवळी पाळी हळूहळू कापत जाते. कडा गोल पाहिजे, तोंड नीट बंद झालं पाहिजे, बाळाच्या गालाला टोचायला नको. खाली मणी-घुंगरू लोंबकळणारं काही नको, ते दुपट्यात अडकतं, बाळाच्या मुठीत सापडतं आणि एका हिसक्यात पाळी फाटते. टॉप्स घालायचे असतील तर फिरकी स्क्रूची आणि सपाट, आणि पाळी सुजली तरी जागा राहील एवढी काडी लांब. सुटी झालेली फिरकी बाळाच्या तोंडात जाते, घशात अडकते, ही भीती मला इन्फेक्शनपेक्षा जास्त वाटते खरं तर. म्हणून बाळाला मी बाळीच म्हणेन, तिला सुटा भाग नसतो.

त्या दिवशीचं. बाळाला सर्दी-ताप, कानावर पुरळ, काही असेल तर तारीख पुढं ढकल, मुहूर्त-बिहूर्त बघू नको. बाळ पेटीत होतं म्हणालीस, ते फक्त काविळीसाठी असेल आणि आता वजन नीट वाढत असेल तर त्याचं काही नाही, पण बाळाला जन्मतः हृदयाचा काही प्रॉब्लेम असेल, रक्त लवकर थांबत नसेल, घरात कुणाला जखमेवर कातडी गाठीसारखी वाढायची सवय असेल, केलॉइड म्हणतात त्याला, तर ते आधीच डॉक्टरना सांग. सुन्न करायचं क्रीम मेडिकलमधनं आणून स्वतः फासू नको, लहान बाळाला ते जास्त झालं तर रक्तात त्रास होतो, डॉक्टर लावतील तेवढंच. पोट भरलेलं असू दे, आणि लागलीच पाजायची तयारी ठेवून जा.

खूण करताना तू समोर बस. बाळ सरळ बसलेलं पाहिजे, आडवं झोपवून कान वळवून खूण केली की एक वर एक खाली होतं. पेनानं दोन्ही कानावर ठिपके लावल्यावर समोरनं बघ, मागं जाऊन बघ, पटलं नाही तर पुसून परत लावायला सांग, लाजू नको, बाहेर पेशंट थांबलेत म्हणून घाई करू नको. पाळीच्या मधोमध, किंचित वर गेलं तरी चालेल, पण खाली नको. आत्ता खाली वाटत नाही, पण वीस-पंचवीस वर्षांनी ती झुबे आणि वेल घालून लग्नाला उभी राहील तेव्हा भोक ओढून ओढून लांब होतं, आणि मग पाळी शिवून घ्यायला येतात बायका. किती जणी येतात ते बघशील तर म्हणशील खूण करायला पाच मिनिटं जास्त गेली तर जाऊ देत.

जावळ काढायला तुळजापूरला किंवा अक्कलकोटला जाणार असाल तर एका दिवसात जावळ आणि कान दोन्ही उरकू नका प्लीज. गर्दी, ऊन, प्रवास, डोक्याला वस्तरा लागलेला आणि वर कानात ताजी जखम. जत्रेत, आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेत कुठं कोणी सुई घेऊन बसलेला दिसला तर त्याच्याकडं तर अजिबातच नाही, हे तुला सांगायला नकोच, पण कधी कधी मोठी माणसं "इथंच टोचून टाकू की" म्हणतात, म्हणून बोलले.

घरी आल्यावर करायचं ते अगदी थोडं आहे, आणि आपल्याकडं घोळ होतो तो जास्त केल्यानं होतो. दिवसातनं दोनदा, आधी स्वतःचे हात साबणानं धुवायचे, मेडिकलमध्ये मिळतं ते सलाईन कापसावर नाही, गॉजच्या तुकड्यावर घ्यायचं (कापसाचे धागे बाळीत अडकतात), पुढनं-मागनं पुसायचं, कोरडं करायचं. संपलं. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, चार दिवसांचं साठवलेलं पाणी टाकीत, पिंपात, तर ते तसंच कानाला लावू नको, सलाईन नसेल तर उकळून गार केलेलं घे. अंघोळीचं पाणी लागलं तर काही नाही, फक्त लगेच टिपून घे. खोबरेल तेलात हळद कालवून लावायचं सासूबाई म्हणतील, लावायचं नाही. तेलात धूळ चिकटते, आणि घरची हळद काही स्टराईल नसते, कितीही चांगली असली तरी. पावडर कानावर नको, स्पिरिट नको, डेटॉल नको. बाळी रोज गोल फिरवायची असं आधी आम्ही पण सांगायचो, आता तसं सांगत नाहीत, फिरवली की आतली नवीन कातडी तुटते, जशी आहे तशी राहू दे. उन्हाळ्यात टोचत असशील तर, आपल्याकडं एप्रिल-मेचं ऊन काय असतं बघ, घामानं कानामागं सतत ओलं राहतं, तेव्हा टोपडं, कुंची घट्ट बांधू नका आणि पंख्याखाली ठेवा. मी तर जमलं तर थंडीतच टोचा म्हणते.

पहिले दोन-तीन दिवस थोडं लाल, थोडं सुजलेलं, कडेला पांढरट पिवळं सुकलेलं पाणी, हे चालतं. पण लाली वाढत गाल-मानेकडं पसरायली, कान गरम लागायला, पू आला, ताप आला, बाळ त्या कुशीवर झोपेना, तर डॉक्टरला दाखव, त्याच दिवशी. आणि घाबरून स्वतः बाळी काढू नको, काढली की भोक वरनं बंद होतं आणि पू आत कोंडतो. काढायची का ठेवायची ते डॉक्टर बघून ठरवतील. टोचून आल्यावर लोक "टीटी मारून घ्या" म्हणतात, लसी वेळेवर झालेल्या बाळाला बहुतेक वेळा लागत नाही, तरी लसीचं कार्ड सोबत ठेव, डॉक्टर एक नजर टाकतील.

आता तुझ्या मुलाची भिकबाळी. इथं मी सरळ नाही म्हणते. पाळी वेगळी आणि भिकबाळीसाठी टोचतात तो वरचा कान वेगळा. पाळीत नुसतं मांस-चरबी, रक्त भरपूर फिरतं, म्हणून ती लवकर भरते. वरच्या कानात कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाडासारखा भाग असतो, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरनं जे पातळ आवरण असतं त्याच्यावर ती जगते. तिथं पू झाला की आवरण सुटतं, कूर्चा मरते, आणि कान चुरगळलेल्या कागदासारखा कायमचा वेडावाकडा होतो. तिथं बहुतेक वेळा स्युडोमोनास नावाचा जंतू असतो, साठलेल्या पाण्यात राहणारा, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, कधी कधी ॲडमिट करून सलाईनमधनं औषध द्यावं लागतं. वरच्या कानावर गन तर कुणीच, कुठंच वापरू नये, दाबानं कूर्चा तडकते. आणि दीड महिन्यात ते भरणार पण नाही, वरच्या कानाला काही महिने लागतात, कधी वर्ष. सहा वर्षांचं पोर, शाळेत ढकलाढकली, रात्री त्याच कुशीवर झोपणार, लग्नात फेटा बांधायचा तर नेमका फेटा त्याच कानावर घासणार. नको गं. मोठा झाल्यावर त्याला स्वतःला हवी असेल तर चांगल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडनं सुईनं टोचून घेईल.

लग्नाला प्रेसची भिकबाळी मिळते की, भोक न पाडता वर दाबून बसवायची, मोत्यांची, लांबनं कुणाला कळत पण नाही. नव्या पेठेत फिरलीस तर मिळून जाईल. घरी आधी अर्धा तास घालून बघ, जास्त दाबायली तर थोडी सैल करून घे, फोटो आणि अक्षता झाल्या की काढून टाक. आणि काढली की लगेच डबीत घालून वर ठेव, तोपर्यंत तुझी लेक हाताला येईल ते तोंडात घालायच्या वयाला आलेली असेल.